थांबता येणारे जीव

(अंधार. हळूहळू भिंगाखालचं हिरवट पाणी दिसू लागतं.)

मॉसचा हा पुंजका अंटार्क्टिकातला. ६ नोव्हेंबर १९८३ रोजी जपानी संशोधकांनी तो श्योवा या जपानी संशोधन तळाच्या परिसरातल्या युकिदोरी खोऱ्यातून उचलला, कागदात गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि उणे २० अंश सेल्सिअसला ठेवून दिला. तो तसाच राहिला. २०१४ च्या मे महिन्यात जपानच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्थेत मेगुमु त्सुजिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिशवी उघडली, मॉस वितळू दिलं, पाण्यात भिजवलं आणि त्यात काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधायला सुरुवात केली.

हाती लागले दोन टार्डिग्रेड. आणि एक अंडं.

टार्डिग्रेड म्हणजे मिलिमीटरभरही लांब नसलेला, आठ आखूड पायांचा गुबगुबीत प्राणी. पायांना नख्या, चाल डुलत डुलत. म्हणून अठराव्या शतकातच त्याला ‘पाण्यातलं अस्वल’ हे नाव पडलं.

(दृश्य : काचेच्या बशीत निपचित पडलेला टार्डिग्रेड. मागचा पाय किंचित हलतो.)

पहिल्या दिवशी त्यातल्या एकीचे फक्त शेवटचे पाय जरासे हलले. बस्स, तेवढंच. मग दिवसामागून दिवस गेले, अंगात वळवळ आली, ती रांगू लागली. समोर ठेवलेल्या शैवालाला तिने तोंड लावलं, तेव्हा जवळजवळ दोन आठवडे उलटले होते. पुढे तिने १९ अंडी घातली, त्यांतल्या १४ अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. तीस वर्षं गोठून पडलेलं ते सुटं अंडंही उबलं, आणि त्यातून निघालेल्या पिल्लाने पुढे स्वतःची अंडी घातली.

दुसरी मात्र विसाव्या दिवशी मेली.

या प्रयोगातली सगळ्यात मोलाची नोंद मला हीच वाटते. टार्डिग्रेडला सर्रास ‘अमर प्राणी’ म्हटलं जातं, आणि ते ऐकलं की वाईट वाटतं. अमर असती तर उठून चालायला तिला इतके दिवस लागले नसते. तीस वर्षांत शरीराची जी झीज झाली, ती आधी भरून काढावी लागली. एकीला ते जमलं, दुसरीला नाही.

मग हे जीव तगतात तरी कसे?

खरा घात थंडी करत नाही, बर्फ करतो. पाणी गोठताना त्याचे टोकदार स्फटिक होतात आणि पेशीचं नाजूक पटल आतून फाटतं. त्यावर एक तोड अशी की अंगात गोठण्याजोगं पाणीच ठेवायचं नाही. कोरडं पडू लागलं की टार्डिग्रेड पाय पोटाशी घेतो, आक्रसतो आणि इवल्याशा पिंपासारखा होऊन बसतो. शरीरातलं जवळजवळ सगळं पाणी निघून गेलेलं असतं, श्वसन आणि पचन मोजताही येणार नाही इतकं मंदावलेलं असतं. काही सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी, पाण्याच्या जागी ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतात. पाण्याअभावी कोसळू पाहणारी प्रथिनं आणि पटलं ती साखर जागच्या जागी धरून ठेवते.

दुसरी तऱ्हा याहून धाडसाची. न्यूझीलंडचे संशोधक डेव्हिड व्हार्टन यांनी अंटार्क्टिकातल्या पॅनाग्रोलायमस या सूत्रकृमीला झपाट्याने गोठवलं, तेव्हा बर्फ त्याच्या पेशींच्या आतपर्यंत शिरला. पेशींच्या आत बर्फ म्हणजे बहुतेक प्राण्यांचा शेवटच. हा वितळल्यावर पुन्हा वळवळू लागला! आणि हाच कृमी सावकाश गोठवला तर निराळी वाट धरतो : अंगातलं पाणी भोवतालच्या बर्फाला देऊन टाकतो आणि स्वतः सुकून बसतो.

(दृश्य : केप रॉइड्सचं गोठलेलं तळं. बर्फाखाली लालसर थर.)

हे कुतूहल आजचं नाही. ध्रुवीय प्रवासी शॅकल्टन यांच्या १९०७ ते १९०९ च्या अंटार्क्टिका मोहिमेत जेम्स मरी नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. केप रॉइड्सच्या तळ्यांच्या तळाशी त्यांना लाल डाग दिसले. ते डाग रोटिफरांचे होते. डोक्यावर बारीक केसांची दोन चक्रं फिरवत अन्न ओढून घेणारे हे जीव तिथे दाटीवाटीने राहत होते. मरींनी त्यांना गोठवलं, वितळवलं, पुन्हा गोठवलं, आणि ते पुन्हा पुन्हा हलू लागले. पुढे मरी उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर गेले. त्यांचं ‘कार्लुक’ जहाज १९१४ च्या जानेवारीत बर्फाने चिरडलं. काही सोबत्यांबरोबर ते पायी किनाऱ्याकडे निघाले आणि परत आलेच नाहीत. गोठून जागे होणारे जीव इतक्या जवळून पाहिलेला हा माणूस बर्फावरच हरवला, ही गोष्ट मनातून जात नाही.

(दृश्य : मॅकमर्डोची कोरडी खोरी. झाड नाही, गवत नाही. वारा.)

ही टेलर व्हॅली, अंटार्क्टिकातल्या याच कोरड्या खोऱ्यांपैकी एक. मातीत मीठ, हवेत कोरडेपणा, डोळ्यांना दिसेल असं काही जिवंत नाही. पण मूठभर माती पाण्यात ढवळून भिंगाखाली धरली की पारदर्शक धाग्यासारखं काहीतरी आळोखेपिळोखे देऊ लागतं. तो स्कॉटनेमा लिंड्सेई, एक सूत्रकृमी. मातीतले जिवाणू आणि यीस्ट हे त्याचं खाणं, आणि कोरडी, खारट माती हीच त्याची आवडती जागा. मातीतल्या जीवांच्या अभ्यासक डायना वॉल यांनी कित्येक उन्हाळे इथे घालवून या मातीतली वस्ती मोजली. तोवर ही माती जवळजवळ निर्जीवच समजली जात होती.

आणि ही वस्ती जागोजागी निराळी आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचे सूत्रकृमी आणि मुख्य खंडावरचे सूत्रकृमी यांच्या प्रजाती जवळपास पूर्णपणे वेगळ्या. एल्सवर्थ लँडमध्ये बर्फातून वर आलेल्या काही डोंगरमाथ्यांवर तर सूत्रकृमीच नाहीत, फक्त टार्डिग्रेड आणि रोटिफर. हे सगळे वाऱ्याबरोबर कालपरवा आलेले पाहुणे असते तर इतका फरक पडला नसता. हिमयुगांत बर्फ पसरत गेला तेव्हाही कुठेतरी उघडे खडक उरले असणार, आणि त्यांच्या आधाराने हे इथेच टिकले असणार.

समुद्रावरच्या बर्फातल्या खारट पाण्याच्या बारीक नळ्यांत प्राणी आहेत, हिमनद्यांवर काळ्या धुळीने पाडलेल्या खळग्यांत आहेत. अंटार्क्टिकातल्या बर्फाखाली दडलेल्या मर्सर सरोवरावरचा किलोमीटरभर जाडीचा बर्फ भेदून खालचा गाळ वर काढला, तर त्यातही टार्डिग्रेडचे अवशेष मिळाले. सैबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीतला २४,००० वर्षांपूर्वीचा रोटिफर जागा झाल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासानुसार तिथल्याच एका सूत्रकृमीची झोप ४६,००० वर्षांची होती. दोन्ही जागे झाल्यावर नराविना प्रजा वाढवू लागले.

(दृश्य : पुन्हा टेलर व्हॅली. डोंगरउतारावरून पाण्याचे ओहोळ.)

२००१-०२ चा उन्हाळा इथे नेहमीपेक्षा उबदार गेला. हिमनद्या वितळल्या, ओढे फुगले, मातीतला बर्फ सुटला आणि कोरडी जमीन ओली झाली. वाळवंटात पाणी आलं म्हणजे जीव फोफावणार, असं कुणालाही वाटेल. झालं उलट. स्कॉटनेमा कमी होत गेला, आणि ओलसर माती मानवणारा युडोरिलायमस हा दुसरा सूत्रकृमी वाढू लागला. हजारो वर्षं कोरड्या थंडीशी जुळवून घेतलेल्या जिवाला ओलावा सोसला नाही.

संशोधक आजही उन्हाळ्यात त्या खोऱ्यात जातात. ठरलेल्या जागेवर गुडघे टेकून माती उचलतात, पिशवीत भरतात, प्रयोगशाळेत ती पाण्यात ढवळतात. मग भिंगाला डोळा लावून एकेक धागा मोजत बसतात : हा जिवंत, हा मेलेला, हा अजून गुंडाळी करून पडलेला.