खडू खाली ठेवून

दुपारचे साडेबारा. परळमधली एक शाळा. सकाळचं सत्र सुटतंय, दुपारचं भरतंय. एकाच जिन्यावरून निम्मी मुलं उतरतायत, निम्मी चढतायत. वरच्या मजल्यावर नववीचा वर्ग. बाहेर गाड्यांचे हॉर्न, आत पंख्याची घरघर.

तिसऱ्या बाकावरच्या मुलाने आजही गणिताची वही आणलेली नाही. या आठवड्यातली ही तिसरी वेळ.

"वही?" बाई विचारतात. मुलगा मान खाली घालतो.

यापुढचं वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. उद्या पालकांना घेऊन ये. बाई ते म्हणत नाहीत. खडू खाली ठेवतात, बाकाजवळ येतात आणि थांबतात.

"पहाटे पाणी भरायला उठतो, बाई."

"म्हणजे झोप होत नाही, म्हणून गृहपाठ राहतो?"

"तसं नाही." तो आता वर बघतो. "आजी पडलीय. पाय प्लॅस्टरमध्ये आहे. आई कामाला गेली की तिचं सगळं मीच बघतो. गणितं सोडवायला बसलो की ती हाक मारते."

बाईंचा अंदाज चुकला, आणि तो त्यांनी बोलून दाखवला म्हणूनच खरी गोष्ट बाहेर आली. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत विचारायचं ते यासाठीच. मुलाला "तसं नाही" म्हणायला जागा मिळते. 14 वर्षांच्या पोराला शाळेत एरवी हे कधी म्हणता येतं?

याला सक्रिय श्रवण म्हणतात. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1957 साली शिकागोत या नावाची पुस्तिका लिहिली, ती कारखान्यांतल्या साहेब-कामगारांच्या संबंधांसाठी. गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या भागाचा दिवस चालायचा, तिथल्या एका वर्गात ती रीत आज अशी दिसते, याचं मला फार मोल वाटतं.

शिक्षक म्हणतील, साठाचा पट, पस्तीस मिनिटांचा तास, पोर्शन कधी संपवायचा? अडचण खरी आहे. पण मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात. तेच 3 सेकंद थांबले, की मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. फरक होता दोनच सेकंदांचा. तेवढ्याने कुठलाही धडा मागे पडत नाही.

परळच्या त्या वर्गात तास पुढे सुरू झालाय. त्याआधी बाईंनी हजेरीपटाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलंय: आजी. सोमवारी विचारणे.