आधी पाय बघा : जहांगीरच्या दरबारातला पक्षी-चित्रकार उस्ताद मन्सूर

नमस्कार मंडळी.

चारशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराने पक्षी काढले. इतके नेमके काढले, की आजचा पक्षीनिरीक्षक त्या चित्रांवर नजर टाकून त्यांतली जात सांगतो. त्याच्यापुढे पक्ष्यांचं पुस्तक नव्हतं, दुर्बीण नव्हती, कॅमेऱ्याचा तर प्रश्नच नाही. त्याचं नाव उस्ताद मन्सूर. त्याची चित्रं कशी बघायची, हे आज सांगणार आहे. माझा सल्ला अगदी साधा आहे. चेहरा नंतर, रंग नंतर. आधी पाय बघा.

(पडद्यावर : टर्कीचं चित्र, पूर्ण)

हा टर्की. मूळचा अमेरिकेचा पक्षी. १६१२ साली तो आग्र्याला जहांगीर बादशहापुढे आला, आणि आला कुठून? आपल्या गोव्यातून. खंबायत बंदराकडे मुकर्रब खान नावाचा सरदार होता. बादशहाने त्याला हुकूम दिला की गोव्याला जा, जे जे दुर्मीळ दिसेल ते घे, फिरंगी सांगतील ती किंमत मोज. खान काही दिवस गोव्यात राहिला आणि परतताना अजब प्राणी-पक्षी घेऊन आला. त्यांतच हा होता.

जहांगीरने आपल्या आठवणींत या टर्कीवर जे लिहिलंय ते वाचताना मला दर वेळी आनंद होतो. तो म्हणतो, अंगाने लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. माजावर आला की मोरासारखी पिसं फुलवून नाचतो. चोच आणि पाय कोंबड्याचे. डोकं आणि मान घडोघडी रंग बदलते. कधी पोवळ्यासारखी लाल, मग कापसासारखी पांढरी, मध्येच फिरोजी. डोळ्यांभोवतीचा भाग मात्र कायम फिरोजी, तो बदलत नाही. चोचीवर लोंबणारा मांसल भाग सैल सोडला की वीतभर लांब, आणि आवरून घेतला की जेमतेम दोन बोटं.

हे नुसतं कौतुक नाही, निरीक्षण आहे. काय बदलतं आणि काय बदलत नाही, दोन्ही त्याने टिपलंय. आणि तिथेच तो एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. आपले पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांना ती काढायला सांगितली नाहीत. मी वर्णनही लिहिलं आणि चित्रंही काढायला लावली, म्हणजे ऐकून वाटणारं नवल बघून आणखी वाढेल.

मन्सूरचं हे टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

(पडद्यावर : टर्कीच्या पायांचा क्लोज-अप)

आता पायांकडे या. नवशिक्या चित्रकाराचा पक्षी बहुतेक वेळा पायांतच फसतो. पिसं, चोच, डोळा ठीक जमतात, आणि पाय मात्र दोन काटक्या खाली जोडल्यासारखे. कारण पक्षी बघताना आपली नजर पायांवर थांबतच नाही. टर्कीच्या पायांवर मन्सूरची नजर थांबलेली दिसते. या जनावराचं वजन जमिनीवर नेमकं कुठे पडतंय, ते चित्रात कळतं.

मन्सूर सुरुवातीला नक्काश होता. नक्काश म्हणजे पोथ्यांची नक्षी, वेलबुट्टी करणारा. तरुणपणी अकबराच्या चित्रशाळेत त्याने बाबरनाम्याच्या, म्हणजे बाबराच्या आठवणींच्या पोथीच्या, चित्रांवर काम केलं. हे शिक्षण त्याला कामी आलं असं मला ठामपणे वाटतं. नक्षीच्या कामात केसाएवढ्या रेषेला किंमत असते. पुढे पक्ष्याचं एकेक पीस भरताना तोच हात चालला.

कामाची पद्धतही समजून घेऊ. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून जाड पुठ्ठा करायचा, त्याला वसली म्हणतात. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. रंग दगडांचे आणि मातीचे. निळ्यासाठी लाजवर्द, लालसाठी हिंगूळ, पांढऱ्यासाठी सफेदा, बांधायला गोंद. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग पुढचा थर. शेवटी पिसांवरच्या बारीक रेषा. या कामात घाई चालतच नाही. एवढा वेळ एका पक्ष्यासाठी द्यायचा, तर त्या पक्ष्याशी तुमचं काहीतरी नातं जुळल्याशिवाय कसं राहील?

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. सन १६२०, काश्मीर. एका ओढ्याकाठी जहांगीरला एक पक्षी दिसतो. बुलबुलच्या रंगाचा, अंगावर पांढरे ठिपके. तो पाण्यात बुडी मारतो, बराच वेळ आत राहतो आणि दुसरीकडेच वर येतो. बादशहाला प्रश्न पडतो, हा पाणपक्षी आहे की जमिनीवरचा? ठरवायचं कसं? पाय बघून! बोटांमध्ये बदकासारखा पडदा आहे, की बोटं मोकळी आहेत? तो दोन-तीन पक्षी धरून आणायला सांगतो. दोन सापडतात. एक लगेच मरतो, दुसरा एक दिवस जगतो. पायांना पडदा नाही. बादशहा हे नोंदवतो आणि लगेच मन्सूरला हुकूम देतो, याचं चित्र काढ.

हा पक्षी म्हणजे डिपर. वाहत्या थंड पाण्यात तळाच्या दगडगोट्यांवरून चालत किडे टिपणारा. पडदा नसलेल्या मजबूत बोटांनी तो दगडांना धरतो. म्हणजे बादशहाचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. आणि चित्रकाराला काम मिळालं ते या प्रश्नातून. हा पक्षी सुंदर आहे म्हणून काढ, असा तो हुकूम नव्हता. हा पक्षी कळला पाहिजे म्हणून काढ, असा होता.

त्याच काश्मीरच्या मुक्कामात मन्सूरने शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढली, असं जहांगीर लिहितो. त्यांतली फार थोडी उरली आहेत. त्याआधीच त्याला किताब मिळाला होता : नादिर-उल-अस्र, म्हणजे युगातला अद्वितीय.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी, कारण ती लपवली तर चित्र अपुरं राहील. हाच जहांगीर मोठा शिकारी होता. त्याने शिकारीचा हिशोब ठेवायला लावला होता. त्याच्या समक्ष झालेली शिकार २८,५३२, आणि त्यांतली त्याने स्वतःच्या हाताने केलेली १७,१६७. हाच माणूस सारसाच्या एका जोडीला लैला आणि मजनू नावं देतो, त्यांची पिल्लं होईपर्यंत त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवतो. रात्रभर मादी अंड्यांवर बसते, नर शेजारी पहारा देतो, पहाटे तो चोचीने तिची पाठ खाजवतो, मग ती उठते आणि तो बसतो, हे सगळं तो लिहून ठेवतो. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९२७-२८ च्या सुमारास आपल्या मुंबईच्या बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, नियतकालिकात मुघल बादशहांवर लेखमाला लिहिली, ती निसर्गनिरीक्षक आणि शिकारी अशा दोन्ही नात्यांनी. मला ही दोन्ही रूपं एकत्र बघणंच प्रामाणिक वाटतं. त्या काळी, आणि पुढेही कित्येक वर्षं, पक्षी जवळून बघायचा तर तो धरावा किंवा मारावा लागे. अमेरिकेतला पक्षी-चित्रकार ऑड्युबॉन याचे जिवंत वाटणारे पक्षीसुद्धा गोळी घालून, मग तारांनी उभे करून काढलेले आहेत.

(पडद्यावर : सायबेरियन क्रौंचाचं चित्र)

हे चित्र मात्र नीट, सावकाश बघा. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधलं आहे. पांढरा, उंच, चेहऱ्यावर पिसं नसलेली लाल त्वचा. सायबेरियन क्रौंच. पाश्चात्त्य विज्ञानात या पक्ष्याचं वर्णन पीटर पालास यांनी केलं १७७३ साली. मन्सूरने तो त्याच्या दीडशे वर्षं आधी काढलाय. शास्त्रीय नाव मिळण्याआधी या पक्ष्याला चेहरा मिळाला होता, आणि तो एका भारतीय चित्रकाराने दिला होता. मला याचा अभिमान वाटतो.

आणि वाईटही वाटतं. हे क्रौंच हिवाळ्यात राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पक्षी अभयारण्यात यायचे. वाटेतल्या देशांत शिकार झाली, पाणथळ जागा गेल्या, संख्या घटत गेली. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली, त्यानंतर नाहीच. आज भारतात हा पक्षी मोकळ्यावर दिसत नाही. म्युझियममध्ये मन्सूरचा दिसतो.

डोडोचं तर याहून पुढचं. मॉरिशसचा हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकातच संपला. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एक मुघल चित्र आहे, साधारण १६२५ चं. मधोमध डोडो आणि भोवती आपले ओळखीचे पक्षी, त्यांत डोक्यावर काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंससुद्धा. १९५८ साली हे चित्र अभ्यासकांपुढे आलं. शैलीवरून ते मन्सूरचं मानलं जातं. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय, म्हणजे जिवंत डोडो भारतात होते. युरोपातल्या अनेक चित्रांतला डोडो ढेरपोट्या, ओबडधोबड असतो, कारण काही चित्रकारांपुढे पिंजऱ्यात खाऊन फुगलेला पक्षी होता, काहींपुढे भुसा भरलेला, काहींनी दुसऱ्याचं चित्रच उतरवलं. हा डोडो सडसडीत आहे. डोडोच्या सर्वांत विश्वासार्ह चित्रांत आज याची गणना होते. शेजारचे पक्षी हुबेहूब आहेत, मग मधला चुकीचा कशाला असेल? मला हा युक्तिवाद फार पटतो.

मन्सूरच्या मागे ही परंपरा थांबली नाही, पण तिचे मालक बदलले. १७७७ पासून कोलकात्यात लेडी मेरी इम्पी यांनी पाटण्याच्या तीन चित्रकारांना काम दिलं : शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. नवरा एलायजा इम्पी सुप्रीम कोर्टाचा सरन्यायाधीश, घराच्या आवारात पक्षी-प्राणी पाळलेले. मोठ्या इंग्रजी कागदावर, जमेल तिथे खऱ्या आकारात चित्रं निघाली. तीनशेच्या वर, बहुतेक पक्ष्यांची. खवल्या मांजरही आहे, आणि भवानी दासने काढलेलं पंख पसरलेलं वटवाघूळ तर बघतच राहावं असं.

लेडी इम्पींचं एक ऋण मानायला हवं. चित्रांवर चित्रकारांची नावं लिहिलेली आहेत. कंपनीच्या काळातले कितीतरी हिंदुस्थानी चित्रकार निनावी गेले, हे तिघे उरले. पण पुढचं बघा. इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन लेथम यांनी हिमालयातल्या मोनाल या रंगीबेरंगी पक्ष्याचं शास्त्रीय नाव ठेवलं ते लेडी इम्पींवरून. ज्यांनी दिवसेंदिवस पिसं मोजली त्या झैनुद्दीन, भवानी दास, राम दास यांच्या नावाचा एकही पक्षी नाही. हे मला खटकतं, आणि खटकायलाच हवं.

जाता जाता आपल्या जवळची एक गोष्ट. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनीही पक्षी-प्राण्यांची चित्रं आपल्या दरबारी चित्रकारांकडून काढून घेतली होती. त्यांतली काही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ करायचा आहे.

आता तुमच्यातले फोटोग्राफर विचारतील, हातात एवढी मोठी लेन्स असताना पक्षी रंगवायचे कशाला? तुमच्या पाठीवरच्या पिशवीतलं पक्षी ओळखायचं पुस्तक उघडा. त्यात बहुधा रंगवलेली चित्रंच असतील. फोटो एका पक्ष्याचा, एका क्षणाचा, त्या वेळच्या उन्हाचा असतो. मान वळलेली, पाय गवतात. चित्रकार पन्नास पक्षी बघतो, संग्रहालयातले नमुने हाताळतो आणि त्या जातीचा एक पक्षी उभा करतो. नर, मादी, पिल्लू शेजारी शेजारी, एकाच ढंगात, म्हणजे फरक पटकन डोळ्यांत भरतो. आपल्याकडे कार्ल डिसिल्वा यांनी हे काम केलं. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचं जे जाडजूड मार्गदर्शक १९९८ साली आलं, त्यातल्या कितीतरी पानांवर त्यांचे पक्षी आहेत. माळरानावर दोन चंडोल सारखेच दिसतात आणि तुम्ही पुस्तकात तोंड खुपसता, तेव्हा तुमच्या मदतीला असा एखादा चित्रकारच येतो.

तर आता एक काम करा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर मन्सूरचं नाव शोधा. त्याची नीलगाय आहे, धनेश आहे, गिधाडं आहेत. चित्र हवं तेवढं मोठं करून बघता येतं, पैसे लागत नाहीत. गिधाडाच्या पायांपाशी जा आणि तिथून हळूहळू वर या. मग विंडसरच्या शाही संग्रहातला त्याचा घोयरा सरडा बघा, त्याने फांदी कशी दोन्ही बाजूंनी धरली आहे ते. हातात वही असेल तर फक्त पाय काढून बघा, सबंध प्राणी नको. तुम्ही काढलेले पाय आणि कोणत्या पक्ष्याचे, ते मला नक्की पाठवा. पुढच्या भागात त्यांतले काही दाखवणार आहे, आणि हो, काढणाऱ्याच्या नावासकट.