ठाण्यातील प्रौढ साक्षरता : निधी येतो कुठून आणि अडतो कुठे

नमस्कार. आजचा विषय आहे ठाणे शहरातील प्रौढ साक्षरता आणि तिच्यावर होणारा सार्वजनिक खर्च. वागळे इस्टेटच्या कारखान्यांत, घोडबंदर मार्गावरील बांधकामांवर आणि घराघरांतून धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी माणसांना, त्यातही स्त्रियांना, बँकेची पावती किंवा दवाखान्याचा केसपेपर वाचता येत नाही. त्यांच्यासाठी सरकारची योजना आहे, परीक्षा आहे आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्रही आहे. तरीही शिकणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, याचे मोठे कारण निधी किती मिळतो आणि कोणत्या कामासाठी मिळतो, यात आहे.

आधी योजना पाहू. ‘उल्लास’ म्हणजेच नव भारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी मंजूर झाला. एकूण खर्च १,०३७.९० कोटी रुपये. त्यातले ७०० कोटी केंद्राचे आणि ३३७.९० कोटी राज्यांचे. उद्दिष्ट आहे पंधरा वर्षांवरील पाच कोटी लोकांना साक्षर करण्याचे. भागाकार केला तर एका माणसामागे २०७ रुपयांहून थोडे अधिक येतात, आणि सर्वेक्षण, पुस्तिका, प्रशिक्षण, परीक्षा व व्यवस्थापन हे सगळे त्याच रकमेत भागवायचे आहे. शिकवणाऱ्याला मानधन नाही, कारण योजना स्वयंसेवकांवर उभी आहे.

नेहमीच असे नव्हते. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात वर्ग चालवणाऱ्याला महिन्याला ५० रुपये मिळत. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘साक्षर भारत’ योजनेत लोकशिक्षण केंद्र चालवणाऱ्या प्रेरकाला महिन्याला २,००० रुपये मानधन होते. मात्र ती योजना ग्रामीण भागासाठी होती. निवडही मुख्यतः प्रौढ स्त्री-साक्षरता निम्म्याहून अधिक नसलेल्या जिल्ह्यांची होत असे. त्यामुळे २०१८ पर्यंत, म्हणजे ती योजना चालू असेपर्यंत, ठाण्यासारख्या शहरांतील निरक्षर प्रौढ तिच्या कक्षेबाहेरच राहिले. गावात रोजगार उरला नाही म्हणून शहरात आलेली बाई योजनेच्या हिशेबातून नेमकी अशाच वेळी गळून पडली, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

आता शहराची अडचण समजून घेऊ. आपल्याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी, २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि तिचे कौतुक देशभर झाले. तिथे एका न्यासाचे साहाय्य होते, उत्साही शिक्षक होते आणि सगळ्या आज्या एकमेकींना ओळखत होत्या. शहरात यातले काहीच गृहीत धरता येत नाही. लोकमान्यनगर किंवा किसननगरमधील बाई पहाटे पाण्याला उभी राहते, मग चार घरची कामे करून रात्री परतते, आणि भाड्याची खोली बदलली की तिचा पत्ताही बदलतो. नाक्यावरचा मजूर काम संपले की दुसऱ्या शहरात जातो. कुणाची भाषा हिंदी असते, कुणाची कन्नड. अशा वेळी महाविद्यालयीन स्वयंसेवक मनापासून येतो, परंतु त्याची परीक्षा जवळ आली की वर्ग थांबतो. त्यात त्याचा दोष नाही. आठवड्यातून पाच संध्याकाळी ठरल्या वेळी कुणीतरी हजर असणे हे काम आहे आणि कामाचे पैसे द्यावे लागतात.

हे पैसे द्यायचे कुणी? शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क देतो. प्रौढाला तसा हक्क नाही. ठाणे आणि नवी मुंबई या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या महापालिका अधिनियमातही प्राथमिक शिक्षण हे बंधनकारक कर्तव्य आहे, प्रौढ शिक्षण नाही. बंधनकारक नसलेल्या कामाला अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचे वेगळे खाते, नसेल, तर त्यासाठी दर वर्षी नव्याने विनवणी करावी लागते. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. शाळेच्या इमारती महापालिकेच्याच आहेत आणि संध्याकाळी त्यांतल्या कितीतरी खोल्या रिकाम्या असतात.

(पडद्यावर : अंदाजित खर्चाचा तक्ता)

खर्चाचा एक कच्चा अंदाज मी मांडला आहे. दर माझे आहेत, ते कमीअधिक करता येतील. एका केंद्रात वीस जण. शिकवणारीला महिना ६,००० रुपये आणि आयांबरोबर आलेल्या लहान मुलांना सांभाळणाऱ्या मदतनीस ताईंना ३,००० रुपये, कारण मुलाला ठेवायला जागा नसेल तर आई येणारच नाही. आठ महिन्यांचे ७२,००० आणि पुस्तके, पाट्या, चश्म्यांसाठी ८,००० असे एकूण ८०,००० रुपये होतात. चश्मा मी मुद्दाम धरला आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसत नसेल तर अक्षर गिरवणार कसे? अशी शंभर केंद्रे चालवायला वर्षाला ८० लाख रुपये लागतील. ठाणे महापालिकेचे अलीकडचे अंदाजपत्रक पाच हजार कोटींच्या वर आहे. म्हणजे शंभर रुपयांमागे साधारण दीड पैसा.

‘उल्लास’ची परीक्षा १५० गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. ती राहू द्यावी, प्रमाणपत्राने शिकणाऱ्याचा हुरूप वाढतो. मात्र महापालिकेने निधी देताना केवळ किती जण परीक्षेला बसले एवढेच मोजू नये. वर्ग किती संध्याकाळी भरला, सहा महिन्यांनी किती जणी टिकल्या आणि त्यांतल्या किती जणी बँकेची पावती स्वतः भरू लागल्या, याची नोंद केंद्राकडून मागावी.

आयुक्त पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मांडतात, त्याच्या आधी काही महिने विभागांकडून मागण्या गोळा होतात. आपल्या प्रभाग समितीला आणि शिक्षण विभागाला पत्र त्या काळात गेले पाहिजे. पत्रात प्रौढ साक्षरतेसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मागा, आपल्या भागातील कोणत्या शाळेची खोली संध्याकाळी मोकळी असते ते लिहा आणि वर्गाला येऊ इच्छिणाऱ्यांची संख्या व त्यांना सोयीची वेळ जोडा.