अमावास्येची भरती

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात बसून आंग्र्यांच्या आरमारातली प्रेमकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी आज थोडे बोलायचे आहे. नायक भंडारी तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, नायिका कारकुनाची लेक, इथवर सगळ्यांचे जमते. कथा फसते ती पाण्यावर.

आधी काळ पाहा. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले आणि शनिवारवाड्याचा पाया घातला गेला १७३० मध्ये. तेव्हा कान्होजींच्या हयातीतली नायिका शनिवारवाड्यातून निघणार कशी? तिला विजयदुर्गाची करा.

गुराब म्हणजे २-३ डोलकाठ्यांचे, १५० ते ३०० टनांचे, शिडावर चालणारे जहाज. गलबत ७० टनांच्या आतले. त्याला ४०-५० वल्ही. वारा पडला की गुराब जागीच अडकते, गलबते तिला दोर लावून ओढतात. लेखकांना वादळाचा सोस असतो, पण या कथेला पडलेला वाराच हवा. सोवळ्यातल्या घरची मुलगी आपले पाणी वेगळ्या हंड्यात घेऊन चढणार. सोबतीला गलबत नाही, शीड लोंबतेय, तिसऱ्या दिवशी हंड्याला तळ लागलाय. तांडेलाच्या हातचे पाणी घ्यायचे की नाही? हा प्रसंग दहा पाने लिहा. लढाई दोन पानांत उरकली तरी चालेल.

विजयदुर्गाहून अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे, म्हणजे उत्तरेला, हिवाळ्यात जाताना उत्तररात्री मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटली की नांगर उचलायचा. दुपारी वायव्येचा वारा तोंडावर आला की खाडीत शिरून थांबायचे. म्हणून दोघांची गाठ दुपारीच पडेल, रात्री तांडेलाला मान वर करायला फुरसत नसते. आषाढात तर प्रवासच दाखवू नका. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या असतात.

आता पळून जाण्याची रात्र. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाची भरती, म्हणजे मध्यरात्री ओहोटी. होडी चिखलात रुतेल. पौर्णिमेला सव्वाअकराला पाणी भरपूर, पण चांदणे असे लख्ख की बुरुजावरचा पहारेकरी वल्ह्याचे पातेसुद्धा ओळखेल. अमावास्येलाही भरती सव्वाअकराचीच, आणि अंधार गुडूप. बाराच्या सुमारास ओहोटी लागते, पाणीच होडी बाहेर काढते. खाडीच्या तोंडाशी पोहोचेतो मागून मतलई येते. तिथे शीड चढवायचे.