कवेलू उतरली की कॅमेरा काढा

श्रोतेहो, नमस्कार. गावातल्या जुन्या घरांचं छायाचित्र प्रदर्शन भरवायचं म्हटलं की बहुतेक जण कोरीव दरवाजा आणि तुळशीवृंदावन टिपून मोकळे होतात. फोटो देखणे येतात. घर उभं कशावर आहे ते काही कळत नाही.

ते टिपायचं तर मृगाच्या आधी. कवेलू म्हणजे कौलं. ती फेरायला, म्हणजे उतरवून पुन्हा रचायला घेतली की छप्पर उघडं पडतं. मयाल म्हणजे मुख्य तुळई, तिच्यावर टेकलेले फाटे म्हणजे वासे, वरच्या बांबूच्या कमच्या म्हणजे पट्ट्या, सगळं दिसतं. मयाल भिंतीत शिरते तो सांधा जवळून घ्या. ओल तिथं मुरते, वारा लागत नाही, आणि उधई, म्हणजे वाळवी, बहुधा तिथूनच चढते. कवेलूंची खालची ओळ उताणी, वरची पालथी. उताण्या ओळीत पालापाचोळा साचला की पाणी तुंबून आत उतरतं. माकडांनी फोडलेली कवेलूही वगळू नका. कुडाच्या भिंतीचा पोपडा निघाला असेल तर उत्तमच, आतली तुराट्यांची वीण दिसते. सेवाग्रामच्या गांधीजींच्या आश्रमातला १९३६ चा आदिनिवासही माती-बांबू-कवेलूचाच. वेळच्या वेळी डागडुजी होते म्हणून टिकला.

अकोला-बुलडाण्याकडं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं. धाब्यावर पांढरी माती का, हे फोटोखाली लिहाच. काळी माती भिजली की फुगते, वाळली की तडकते; मग भेगेतून पाणी थेट घरात.

सारवणावरचे बोटांचे वळ सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात, फ्लॅशनं पुसले जातात. अंधाऱ्या माजघरात तिपाई लावा, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता १००-२००, शटर सेकंदभर, टायमर २ सेकंदांचा. मोबाइल वर कलवला तर भिंती झुकलेल्या येतात. सरळ धरा, मागं सरका. फुटाफुटाच्या खुणांची काठी भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे उंची कळते. आणि आधी घरच्यांना विचारा; देवघराचा फोटो सगळ्यांना चालत नाही.

१२ बाय १८ इंचांची चांगली प्रत हवी तर इंचाला ३०० पिक्सेल धरून ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे १९ मेगापिक्सेलच्या वर लागतात. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलनं १० बाय १३ इंचांवर समाधान माना. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो. शाळेत लावणार असाल तर फोटोचा मध्य साडेचार फुटांवर ठेवा, आणि खिडकीसमोर काचेची फ्रेम नको, चकाकीत काही दिसत नाही.