हॉटेलच्या मागच्या दारातला हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. बारावीचे निकाल लागले की आपल्या किनारपट्टीवरच्या घरांत ज्या अभ्यासक्रमांची चर्चा सुरू होते, त्यांत हॉटेल व्यवस्थापनाच्या पदवीचे नाव आता हमखास असते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ आला आणि २०२३ च्या जानेवारीत पलीकडे गोव्यात मोपाचा सुरू झाला. त्यामुळे हॉटेले दारात येत आहेत, तर पदवी घेतलेल्या मुलाला दारातच नोकरी मिळेल, असे पालकांना वाटू लागले आहे. आजच्या भाषणाचा मुद्दा मी आधीच सांगून ठेवतो. या पदवीची किंमत फीच्या आकड्यावरून कळत नाही, आणि तिचा परतावा पहिल्या पगारावरून कळत नाही.

ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली गुहागर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांना कळली होती. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना त्यांच्या धाकट्या मुलाने बारावी वाणिज्य झाल्यावर हॉटेल व्यवस्थापनाचा हट्ट धरला. त्याच सुमारास एका खासगी महाविद्यालयाचे प्रतिनिधी तालुक्याच्या सभागृहात पडदा लावून माहिती द्यायला आले आणि शंभर टक्के नोकरीची हमी देऊन गेले. गुरुजींनी उभे राहून एकच प्रश्न विचारला, की नोकरी शंभर टक्के लागते हे ठीक, पण पाच वर्षांनी त्यांतले किती जण त्याच धंद्यात असतात? उत्तर मिळाले नाही. माहितीपुस्तिका आणि एक कापडी पिशवी मिळाली. पिशवी मात्र उत्तम प्रतीची होती, आणि माझे तर मत असे आहे, की अशा समारंभांत पिशवी जितकी चांगली तितके उत्तर कच्चे असते.

गुरुजी मुंबईला गेले आणि लालबागला बहिणीकडे उतरले. दुसऱ्या दिवशी ते कोणत्याही महाविद्यालयात न जाता एका पंचतारांकित हॉटेलच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. भाजीचे टेम्पो, बर्फाच्या लाद्या आणि धुण्याच्या कपड्यांची गाठोडी ज्या दाराने आत जातात, आणि कामावरून सुटलेले लोक पिशव्या उघडून दाखवत ज्या दाराने बाहेर पडतात, ते हे दार. पहारेकऱ्याने आधी त्यांना युनियनचे समजून हटकले. गुरुजी म्हणाले, "मी युनियनचा नाही, पालक आहे." पहारेकरी निघाला संगमेश्वरचा, त्याने आपले स्टूल दिले आणि साडेतीनला ब्रेक शिफ्टवाले सुटतात, तेव्हा विचारा, असे सांगितले.

ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी काही तास, मग दुपारची सुट्टी, आणि पुन्हा रात्रीपर्यंत काम. साडेतीनला मुले बाहेर आली आणि टपरीवर जमली. गुरुजींनी सगळ्यांना चहा सांगितला, शबनम पिशवीतून वही काढली आणि रकाने आखले: शिक्षण कोणते, एकूण खर्च किती, पहिला पगार किती, आजचा पगार किती, मधली वर्षे किती. मालवणकडचा एक मुलगा हसून म्हणाला, "गुरुजीनू, पगार किती ता मागसून इचारा, पाय किती दुखतत ता आधी इचारा." गुरुजींनी पायांसाठीही एक रकाना आखला.

त्या वहीत जे उतरले ते ऐका. दीड वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून आलेला मुलगा आणि पदवी घेऊन आलेला मुलगा एकाच स्वयंपाकघरात, एकाच ओट्याशी, एकच अॅप्रन लावून कांदा चिरत होते, आणि दोघांच्या पगारांत हजार-बाराशे रुपयांचाच फरक होता. गुरुजींचा निर्णय तिथेच झाला असता. पण संध्याकाळी हाउसकीपिंग विभागाच्या एक मॅनेजर बाई बाहेर आल्या. त्या दादरच्या सरकारी संस्थेच्या पदवीधर. त्यांनी सांगितले, की पहिली काही वर्षे पदवीला कोणी विचारत नाही, परंतु सहायक मॅनेजरची जागा निघाली की अर्जातला पहिला प्रश्न पदवीचाच असतो, आणि बरोबरीने लागलेले प्रमाणपत्रवाले तिथे मागे राहतात. आणि मग त्यांनी टपरीवरच्या एका मुलाकडे बोट दाखवले. तो हाताने सर्वांत तरबेज होता, वरिष्ठांचा आवडता होता, पण शिक्षणकर्जाचा हप्ता पगाराचा निम्मा भाग खात असल्यामुळे पुढच्या महिन्यात नोकरी सोडून कॉल सेंटरमध्ये जाणार होता. पदवीचे फळ पाचव्या-सहाव्या वर्षी लागणार होते, आणि त्याच्याजवळ तितका वेळ नव्हता.

गुरुजींनी घरी येऊन मुलाला अट घातली. सरकारी संस्थेत जागा मिळाली तर पदवी. नाही मिळाली तर दीड वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन कामाला लागायचे. कर्ज काढून खासगी पदवी नाही. मुलाला गोव्यात पर्वरीच्या संस्थेत जागा मिळाली आणि गुरुजींनी भविष्यनिर्वाह निधीतून फी भरली. प्रशिक्षणाच्या सत्रात मुलाने घरी फोन करून सांगितले, की मी दिवसभर काटे-चमचे पुसतो. आई म्हणाली, परत ये. गुरुजींनी वही उघडून पायांचा रकाना वाचून दाखवला आणि फोन ठेवला. आज तो मुलगा पुण्यात एका मोठ्या रुग्णालयात रुग्णसेवा विभाग सांभाळतो. हॉटेलात तो नाही, गुरुजींनी वहीत त्याच्यासाठी नवा रकाना केला आहे: "धंदा सोडला, पदवी सोडली नाही."

आता थोडा हिशेब. समजा पाच लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने काढले आणि सात वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता साधारण ८,३०० रुपये बसतो आणि एकूण फेड सात लाखांच्या जवळ जाते. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष बँका हप्ता मागत नाहीत, पण त्या काळातही व्याज चढत असते, आणि ते भरले नाही तर हप्ता याहून मोठा होतो. म्हणून पुन्हा सांगतो: फी किती, हा अर्धा प्रश्न आहे, फीचे ओझे उतरेपर्यंत मुलगा किंवा मुलगी या धंद्यात टिकेल का, हा दुसरा अर्धा.

सरकारी वाट दोन प्रकारची आहे. पहिली राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषदेची. ही परिषद १९८२ पासून केंद्राच्या पर्यटन खात्याखाली काम करते. तिच्या संस्थांत दादरची १९५४ सालची संस्थाही येते, आणि प्रवेश एकाच संयुक्त परीक्षेने मिळतो. बारावीला इंग्रजी विषय असावा लागतो. दुसरी वाट राज्याच्या प्रवेश परीक्षेची आणि चार वर्षांच्या पदवीची. वर्ष एक जास्त, म्हणजे खर्चही एका वर्षाचा जास्त आणि पगारही एक वर्ष उशिरा, हे ध्यानात ठेवावे.

आता दारातल्या नोकरीबद्दल. आपल्याकडचा पर्यटनाचा बराचसा व्यवसाय घरगुती आहे. तारकर्लीला किंवा हर्णैला चार-पाच खोल्यांचे निवास चालवणारी काकू स्वतःच स्वयंपाक करते, स्वतःच हिशेब ठेवते आणि पदवीधर मॅनेजर ठेवत नाही. ठेवूही शकत नाही, कारण मे महिना, दिवाळी आणि नाताळ सोडला तर खोल्या रिकाम्या असतात आणि पावसाळ्यात समुद्रावरचे खेळ बंद असतात. (महामार्गावरची मोठी हॉटेले कोकमाच्या आगळाऐवजी रंग घातलेली सोलकढी देतात, तेव्हा पदवीधर आहेत तरी कुठे, असा प्रश्न मला पडतो, पण तो वेगळा विषय.) म्हणजे नोकरी प्रामुख्याने गोवा, मुंबई, पुणे किंवा जहाजावर. सावंतवाडी, बांद्याच्या मुलांना गोवा जवळ पडतो. दापोली, गुहागरच्या मुलांना मात्र खोलीभाडे मोजूनच पगार पाहावा लागतो. ज्यांना घरचाच निवास वाढवायचा आहे, त्यांनी चार वर्षे आणि काही लाख घालवण्याआधी एक हंगाम दुसऱ्याच्या निवासात राबून पाहावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणि संस्थेत चौकशीला जाल, तेव्हा फीच्या तक्त्याबरोबर वसतिगृह, गणवेश, सुऱ्यांचा संच आणि प्रशिक्षणाच्या शहरातले भाडे हे चार आकडे वेगळे लिहून मागा, आणि पाच वर्षांपूर्वीच्या तुकडीतले दोन-तीन जण आज कुठे आहेत, त्यांच्याशी बोलायला मिळेल का, हेही विचारा. नमस्कार.