नेतृत्वगुण : दहापैकी सहा

मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण पदोन्नतीच्या समितीवर बसता, हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल लिहिता. त्या अहवालात ‘नेतृत्वगुण’ असा एक रकाना असतो आणि त्यात कुणाला सहा पडतात, कुणाला नऊ. हे आकडे कुठून येतात आणि ते देण्याची पद्धत कशी सुधारायची, एवढ्याचबद्दल आज बोलायचं आहे.

नेतृत्वाविषयीच्या सुप्त, म्हणजे आपल्याला नकळत असलेल्या पूर्वग्रहाचा फार चांगला अभ्यास आपल्याच देशात, पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात झाला. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींची एक तृतीयांश प्रधानपदं (प्रधान म्हणजे आपल्याकडचा सरपंच) स्त्रियांसाठी राखीव झाली. निवडणुकीच्या कोणत्या फेरीत कोणती पंचायत राखीव, हे नियमाने ठरत होतं. गावाच्या मर्जीचा त्यात भाग नव्हता. त्यामुळे राखीव आणि अराखीव गावांची तुलना करता आली. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा या संशोधकांनी गावकऱ्यांना एक ध्वनिमुद्रण ऐकवलं. त्यात प्रधान एका तक्रारीला उत्तर देतो. मजकूर शब्दन् शब्द तोच, पण काहींना तो पुरुषाच्या आवाजात ऐकवला, काहींना बाईच्या. जिथे बाई कधीच प्रधान झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या त्याच उत्तराला कमी गुण दिले. जिथे आरक्षणामुळे बाईचा कारभार पाहिलेला होता, तिथे हा फरक जवळजवळ राहिला नाही.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला आणखी एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बाई प्रधान असावी की नसावी, ही पुरुषांची आवडनिवड फारशी बदलली नाही; तिला काम जमतं की नाही, याचा अंदाज मात्र बदलला. सलग दोन वेळा पद राखीव राहिलेल्या पंचायतींत पुढे अराखीव जागांवरूनही जास्त स्त्रिया उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. म्हणजे मन पूर्ण वळेपर्यंत थांबण्याची गरज नसते.

डुफ्लो आणि टोपालोवा यांचं २००४चं काम याहून अस्वस्थ करणारं आहे. बाईकडे पद असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्याची सोय जास्त होती, दर्जाही कमी नव्हता, लाच कमी द्यावी लागत होती. तरीही गावकरी कमी समाधानी होते, अगदी पाण्याच्या बाबतीतसुद्धा! काम समोर दिसत असताना गुण कमी पडतात, कारण गुण देणारा काम मोजत नसतो, ‘पुढारी असा असतो’ या डोक्यातल्या चित्राशी समोरचं माणूस जुळवून पाहत असतो.

कार्यालयात हे चित्र कागदावर कसं उतरतं, ते एरिक उल्मन आणि जेफ्री कोहेन यांच्या २००५च्या प्रयोगात दिसतं. पोलीसप्रमुखपदासाठी दोन उमेदवार : एकाकडे रस्त्यावरच्या कामाचा अनुभव, दुसऱ्याकडे शिक्षण आणि प्रशासनाची जाण. शिकलेला उमेदवार पुरुष असला, की निवड करणाऱ्यांना या पदासाठी शिक्षण जास्त महत्त्वाचं वाटे. त्याच शिक्षणासमोर बाईचं नाव आलं, की त्याचं वजन उतरे. आपण निकष बदलतोय, हे निवड करणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. नावं कळण्याआधी निकषांचं वजन ठरवून घेतलं, तेव्हा हा भेद उरला नाही.

आता भारतीय लष्कराचं प्रकरण पाहा. सर्वोच्च न्यायालयात सरकारने मांडलं होतं, की जवान मुख्यतः ग्रामीण भागातून येतात आणि बाईच्या हुकमाखाली काम करायला त्यांचं मन अजून तयार नाही. १७ फेब्रुवारी २०२०च्या बबिता पुनिया निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या सेवेचा मार्ग मोकळा केला. गोष्ट तिथे संपली नाही. त्यांची पारख करताना गोपनीय अहवाल फक्त सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षापर्यंतचे धरले. त्यानंतरची कामगिरी बाजूला राहिली. शिवाय ते अहवाल लिहिले गेले तेव्हा या अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन मिळणारच नव्हतं, म्हणून लिहिणाऱ्यांनी ते पुरेशा काळजीने लिहिले नव्हते. शारीरिक क्षमता मात्र चाळिशी-पन्नाशीतल्या वयाची तपासली. पुरुष सहकाऱ्यांची ती तरुणपणी पाहिली गेली होती. २५ मार्च २०२१च्या लेफ्टनंट कर्नल नितिशा निकालात न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. नियम सगळ्यांना सारखाच होता आणि कुणाचा वाईट हेतू सिद्ध करण्याची गरजही पडली नाही. जुन्या अहवालांत साचलेला पूर्वग्रह नव्या पारखीत शिरला होता.

हे केवळ स्त्रियांपुरतं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना एकाच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. २००७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर ०.६७ होतं, मुस्लीम नावाला ०.३३. अर्ज छाननीत नाव झाकता येतं. पदोन्नतीत ते शक्य नाही, सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून तिथे पद्धतच बदलावी लागते.

एका दुपारच्या प्रशिक्षणाने हे साधत नाही. २०१९ साली ४९२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सुप्त पूर्वग्रहाच्या चाचणीतले गुण थोडे हलवता येतात, पण त्यामुळे वागणूक बदलल्याचं त्यात दिसलं नाही.

मग करायचं काय? पदोन्नतीच्या फायली उघडण्याआधी समितीने चार किंवा पाच निकष आणि प्रत्येकाचं वजन लिहून सह्या कराव्यात. ‘नेतृत्वगुण’ हा निकष असू शकत नाही, तो फोडावा लागतो : मुदत चुकत असताना काय केलं, मतभेद कसा मिटवला, हाताखालचा माणूस पुढे कसा आणला. प्रत्येक गुणासमोर गेल्या वर्षातला एक प्रसंग, तारखेसह. प्रसंग सुचत नसेल, तर रकाना कोरा ठेवावा. अंदाजाने सरासरी गुण भरू नयेत. बहुतेक पूर्वग्रह याच सरासरीत लपतो. ‘आक्रमक’, ‘मवाळ’, ‘छाप पडत नाही’ असे शेरे दिसले, की पुनर्विलोकन अधिकाऱ्याने अहवाल परत पाठवावा.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. गुण देताना मात्र आडवं जावं : पहिल्या प्रश्नाची सगळ्यांची उत्तरं तपासून मग दुसऱ्याकडे वळावं. एका चमकदार उत्तराचा प्रकाश मग पुढच्या उत्तरांवर पडत नाही. प्रत्येक सदस्याने आपले गुण चर्चेआधीच लिहून द्यावेत आणि बोलायला सुरुवात सगळ्यात कनिष्ठाने करावी. साहेब आधी बोलले, की बाकीचे आकडे त्यांच्याकडे सरकतात. चर्चेनंतर गुण बदलता येतील, पण कारण लिहून. नेमकी इथेच पद्धत मोडते : आवडता उमेदवार मागे पडलेला दिसला, की निकषांच्या वजनाला हात घातला जातो. सह्या आधी घ्यायच्या त्या याचसाठी.

संघाने मिळून केलेल्या कामाला वेगळी नोंद लागते. मॅडलिन हाइलमन आणि मिशेल हेन्स यांनी २००५ साली दाखवलं, की पुरुष आणि बाईने एकत्र केलेल्या यशस्वी कामाचं श्रेय पुरुषाकडे जास्त जातं, आणि कुणी काय केलं हे स्पष्ट असलं की हा कल उरत नाही. म्हणून प्रकल्प संपल्याच्या आठवड्यात एक पानभर नोंद करावी : आराखडा कुणाचा, ग्राहकाशी कोण बोललं, चूक कुणी पकडली. वर्षअखेरीस आठवून लिहिलेल्या नोंदीचा उपयोग नाही. तशीच एक वही कामवाटपाची : इतिवृत्त कोण लिहितं, निरोप समारंभ कोण आखतं, आणि अवघड, डोळ्यांत भरणारं काम कुणाच्या वाट्याला येतं. तीन महिन्यांची नावं एका पानावर आली, की पुढच्या वर्षी ‘नेतृत्वाची संधी’ या प्रश्नाला कुणाकडे उत्तर असणार आणि कुणाकडे नसणार, ते आजच दिसतं. आणि हे वाटप वर्षाच्या मध्यावर बदलता येतं, पदोन्नतीच्या बैठकीत नाही.